भनपुरीच्या हवेची दोन मापे

रायपूर शहरातून बिलासपूरच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की भनपुरी लागते. एकेकाळी हे खेडे होते. आज ते शहराचा भाग आहे आणि औद्योगिक क्षेत्रही आहे. त्याच्या वायव्येला उरला आणि पुढे त्याच महामार्गावर सिलतरा ही मोठी औद्योगिक क्षेत्रे आहेत. दक्षिणेला दाट वस्तीचे रायपूर आहे आणि भोवती छत्तीसगढच्या मैदानाची भातखाचरे आहेत. म्हणजे कारखाना, शहर आणि शेत या तिघांच्या मध्ये भनपुरी वसलेली आहे. तिच्या हवेचा इतिहास समजून घ्यायचा तर तिन्हींकडे पाहावे लागते. त्यातही एक तपशील विशेष लक्षात ठेवावा असा आहे: १९९४ ते २००९ या काळात भारतीय मानकांनुसार औद्योगिक क्षेत्रातल्या माणसाने निवासी भागातल्या माणसाच्या दुप्पट बारीक धूळ श्वासावाटे घेतली तरी ती हवा ‘मर्यादेत’ धरली जात असे. त्याकडे पुढे येऊच.

आधी हवामान. रायपूरला वर्षाकाठी सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून हवामानशास्त्राच्या काटेकोर वर्गीकरणात हा प्रदेश अर्धशुष्क ठरत नाही. पण त्यातला बहुतेक पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पडून जातो आणि उरलेले सात-आठ महिने जमीन कोरडी असते. धुळीला वार्षिक सरासरी ठाऊक नसते. तिच्या दृष्टीने भनपुरी वर्षाचा दोनतृतीयांश काळ कोरड्या मुलखातच असते.

मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या वतीने भास्करराम कोल्हटकरांनी रतनपूर जिंकले आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहू लागले. रायपूरला राजधानीचे स्थान मिळाले ते १८१८ नंतर, कर्नल ॲग्न्यू या इंग्रज अधीक्षकाच्या काळात. शहरातील तात्यापारा हे नाव आणि तेथील मराठी घरे त्या काळाची खूण सांगतात. १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढणारे माधवराव सप्रे याच मराठी समाजातले. भोसल्यांच्या आणि नंतर इंग्रजांच्या दृष्टीने या मुलखाचे मोल भातावरून ठरत असे. नागपूरहून निघालेली छोट्या मापाची रेल्वे १८८० च्या दशकात राजनांदगावपर्यंत आली, ती मुख्यतः धान्य बाहेर नेण्यासाठीच. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो मार्ग रुंद करून रायपूर-बिलासपूरमार्गे पूर्वेकडे नेला.

या भाताच्या मुलखात लोखंड होते, आणि तेही फार जुने. मैकलच्या डोंगररांगांत अगरिया लोक मातीच्या लहान भट्ट्यांत लोणारी कोळशावर धातुक वितळवीत. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या भट्ट्यांचा धूर जंगलात विरून जाई. भूवैज्ञानिकांची नजर या धातुकावर पडली ती १८८७ मध्ये. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील प्रमथनाथ बोस यांनी तत्कालीन रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोहउद्योगाविषयी टिपण प्रसिद्ध केले आणि दल्ली-राजहराच्या टेकड्या अभ्यासकांच्या नकाशावर आल्या. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा सरकारी कामासाठी नागपुरात असताना तेथील संग्रहालयात त्यांनी एक भूवैज्ञानिक नकाशा पाहिला. त्यात याच भागावर लोखंडाचा गडद रंग भरलेला होता. टाटांचे तज्ज्ञ टेकड्यांवर जाऊन आले, धातुक उत्तम ठरले, पण सोयीच्या अंतरावर योग्य कोळसा आणि पाणी एकत्र मिळेना. कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला. बोस यांनीच पुढे गोरुमहिसानीच्या खाणींची माहिती जमशेदजींना कळवली होती, हा या कथेतला आणखी एक योगायोग. छत्तीसगढच्या मैदानाला पुढची पन्नास वर्षे निळे आकाश लाभले ते कोळशाच्या अंतरामुळे.

हे अंतर १९५० च्या दशकात राजकीय निर्णयाने मिटले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भिलाई रायपूरच्या पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तिच्या छायेत रायपूरभोवती लोखंडाचे लहान धंदे उभे राहिले. त्यांत ओतशाळा होत्या, सळया आणि पट्ट्या ओढणाऱ्या रोलिंग मिल होत्या. भनपुरी ही या पहिल्या पिढीतल्या वसाहतींपैकी एक. १९८० च्या दशकात उरला आणि त्यानंतर सिलतरा या वसाहती आखल्या गेल्या. मोठा कारखाना एकच असला तर त्याच्यावर देखरेख ठेवता येते. लहान शंभर असले की ते अवघड होते, आणि रायपूरच्या हवेची पुढची अडचण इथेच सुरू झाली.

१९९१ च्या औद्योगिक धोरणाने पोलादावरील सरकारी मक्तेदारी संपली. रोलिंग मिलना पोलाद हवे होते, भंगार अपुरे पडत होते, आणि त्यावर उत्तर मिळाले ते स्पंज आयर्नमध्ये. ही प्रक्रिया थोडक्यात समजून घेणे गरजेचे आहे, कारण धुराचे स्वरूप तिच्यातून ठरते.

झोतभट्टीला कोक लागतो, म्हणजे विशिष्ट जातीचा महाग कोळसा. स्पंज आयर्नच्या भट्टीला साधा कोळसा चालतो, आणि तो कोरबाच्या पट्ट्यात विपुल आहे. किंचित उतरती, सावकाश फिरणारी एक लांब पोलादी नळी असते. तिच्यात धातुकाचे खडे, कोळसा आणि थोडा डोलोमाइट टाकतात. तापमान सुमारे १००० अंश सेल्सिअस ठेवतात, म्हणजे लोखंडाच्या वितळणबिंदूपेक्षा बरेच कमी. कोळशातला कार्बन आधी कार्बन मोनॉक्साइड तयार करतो आणि तो वायू धातुकातला ऑक्सिजन काढून घेतो. ऑक्सिजन गेलेल्या जागा रिकाम्या राहतात, म्हणून उरलेले लोखंड सच्छिद्र असते, आणि म्हणून त्याला स्पंज म्हणतात. पुढे ते विजेच्या प्रेरण भट्टीत वितळवून पोलाद करतात.

या साऱ्यात धूळ पुष्कळ. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मुळातच जास्त. एक टन स्पंज आयर्नला एक टनाहून अधिक कोळसा लागतो. भट्टीतून निघणाऱ्या वायूबरोबर राख, न जळलेला कोळसा आणि लोहकण बाहेर येतात. त्यांना अडवण्यासाठी स्थिरविद्युत अवक्षेपक बसवतात: हजारो व्होल्टच्या तारांमुळे धूलिकणांवर विद्युतभार येतो आणि ते पत्र्यांना जाऊन चिकटतात. यंत्र नीट चालले तर वजनाने बहुतेक सारी धूळ त्यात अडकते. मात्र ते वीज खाते, त्याची निगा राखावी लागते, आणि ते बंद ठेवले म्हणून लोखंडाच्या प्रतीत काही फरक पडत नाही. शिवाय वीज गेली किंवा भट्टीत दाब वाढला तर सुरक्षेसाठी धुरांड्याचे एक झाकण उघडते आणि न गाळलेला वायू थेट वर जातो. ‘रात्री काळा धूर सोडतात’ ही उरला-सिलतरा परिसरातील गावकऱ्यांची तक्रार जुनी आहे. तळ्यावर पसरलेला काळा थर, भाताच्या पातीवरची काजळी, छपरावर वाळत घातलेल्या कपड्यांवरचे ठिपके, हे सारे त्यांच्या दृष्टीने मोजमापच होते. फक्त त्याला एकक नव्हते.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि रायपूर राजधानी. वीज, कोळसा आणि धातुक तिन्ही जवळ असल्याने सिलतऱ्यात भट्ट्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्याच दशकात भारत स्पंज आयर्नच्या उत्पादनात जगात पहिला झाला, आणि त्यातला मोठा वाटा कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांचा. या उद्योगासाठी स्वतंत्र राष्ट्रीय उत्सर्जन मानके मात्र २००८ मध्ये आली. तोवर बहुतेक भट्ट्या उभ्या राहून धूर सोडू लागल्या होत्या.

आता मापांकडे वळू. हवेतील धूळ पद्धतशीर मोजण्याचे काम भारतात प्रथम ज्यांनी हाती घेतले त्यांत नागपूरची नीरी ही संस्था अग्रणी. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९७८ मध्ये दहा शहरांत मापनाचे जाळे सुरू केले. त्यात नागपूर होते, रायपूर नव्हते. १९८१ मध्ये वायुप्रदूषणाचा कायदा झाला, १९८२ मध्ये पहिली मानके आली, आणि १९८४-८५ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे स्वतःचे जाळे पसरू लागले. पद्धत साधी होती. पंपाने हवा ओढायची, काचेच्या तंतूंच्या गाळणकागदातून ती जाऊ द्यायची, आणि कागदाचे आधीचे व नंतरचे वजन करायचे. आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षाला १०४ दिवस. उरलेल्या २६१ दिवसांची हवा कोणी पाहत नसे. धुरांड्याचे झाकण कोणत्या दिवशी उघडावे हे काही त्या वेळापत्रकावर ठरत नाही.

१९९४ मध्ये मानके सुधारण्यात आली तेव्हा देशाच्या हवेचे तीन वर्ग केले गेले: औद्योगिक, निवासी आणि संवेदनशील. श्वसनयोग्य धुळीची, म्हणजे ढोबळमानाने १० मायक्रॉनपेक्षा लहान कणांची, वार्षिक मर्यादा निवासी भागासाठी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम होती आणि औद्योगिक भागासाठी १२०. एकूण तरंगत्या धुळीसाठी तर हा फरक १४० आणि ३६० असा अडीचपटीहून अधिक होता. कारखान्यात मनुष्य कामापुरता जातो आणि राहतो दुसरीकडे, हे गृहीत त्यामागे असावे. भनपुरीला ते लागू पडत नाही. तिथे कामगार कारखान्याच्या भिंतीलगत राहतात, त्यांची मुले तिथल्याच शाळेत जातात, आणि भिंतीपलीकडे जुन्या गावाची घरे आहेत. फुप्फुसाला जमिनीचा वापर-आराखडा वाचता येत नाही. १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेने हा भेद पुसला: औद्योगिक, निवासी आणि ग्रामीण भागांना एकच माप, पीएम १० साठी वार्षिक ६० आणि पीएम २.५ साठी ४०. या बदलाची वृत्तपत्रांतून फारशी चर्चा झाली नाही, पण भनपुरीसारख्या वस्त्यांच्या दृष्टीने भारतीय पर्यावरण कायद्यातील हा सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणावा लागेल. हवा एका दिवसात बदलली नाही. पण काल कायदेशीर असलेली हवा आज बेकायदा झाली.

जगाचे लक्ष रायपूरकडे गेले ते मे २०१४ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने सुमारे सोळाशे शहरांची यादी प्रसिद्ध केली. पीएम २.५ च्या वार्षिक सरासरीत दिल्ली १५३, पाटणा १४९, ग्वाल्हेर १४४ आणि चौथ्या क्रमांकावर रायपूर १३४. म्हणजे भारतीय मर्यादेच्या तिपटीहून अधिक. २०१६ च्या यादीत रायपूर १४४ वर सातव्या स्थानी होते. विद्यार्थ्यांनी येथे एक सावधगिरी बाळगावी. त्या याद्यांत अनेक भारतीय शहरांचे पीएम २.५ प्रत्यक्ष मोजलेले नव्हते. पीएम १० ला एका गुणकाने गुणून ते काढलेले होते. ज्या शहराच्या धुळीत राख आणि मातीचे मोठे कण जास्त, तिथे असा गुणक घसरू शकतो. म्हणून तिसरे की चौथे या वादाला शास्त्रीय अर्थ फारसा नाही. मर्यादा कित्येक पटींनी ओलांडली गेली होती, एवढे मात्र त्या आकड्यांवरून निर्विवाद ठरते.

रायपूरच्याच पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी तोवर या धुळीची बरीच बारकाईने उकल केली होती. मानस कांति देब, धनंजय देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै २००९ ते जून २०१० या वर्षभरात कणांच्या आकारानुसार नमुने गोळा केले. हिवाळ्यात धूळ सर्वाधिक आणि पावसाळ्यात सर्वांत कमी, हा त्यांचा निष्कर्ष अनपेक्षित नव्हता. या कामाचे मोल आहे ते वेगळ्या गोष्टीत: आकार आणि रासायनिक घटक हाती आले की धूळ कोठून आली हे विचारता येते. देशमुख यांनी पुढे जपानमधील किमिताका कावामुरा यांच्यासह रायपूरच्या हिवाळी धुळीतील सेंद्रिय आम्लांचाही अभ्यास केला.

हिवाळ्यातच हवा का बिघडते? उत्तर म्हणून बहुतेकदा एखादा दोषी शोधला जातो: शेतकऱ्याची आग, दिवाळीचे फटाके, शेकोट्या. त्याआधी एक साधे गणित करून पाहावे. शहरावर एक पेटी कल्पावी. तिची उंची म्हणजे जमिनीलगतची हवा जितक्या उंचीपर्यंत घुसळली जाते ती उंची. तिच्यातून वारा वाहतो. धुराचे उत्सर्जन स्थिर असेल तर पेटीतील धुराचे प्रमाण उंची आणि वाऱ्याचा वेग यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असते. उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापते, हवा २५०० मीटरपर्यंत ढवळली जाते, वारा सेकंदाला ४ मीटर: गुणाकार १०,०००. जानेवारीच्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार व जड होऊन तळाशी बसते, मिश्रणाची उंची २०० मीटरवर येते आणि वारा सेकंदाला १ मीटर: गुणाकार २००. हे आकडे हिशेबासाठी सोपे घेतले आहेत, पण त्यांची प्रत वास्तवाची आहे. एकाही धुरांड्याने एक ग्रॅमही धूर जास्त सोडला नाही, तरी प्रमाण पन्नासपट होऊ शकते.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. हिवाळ्यात मोजलेली वाढ म्हणजे उत्सर्जनाची वाढ नव्हे. जो धूर जूनमध्ये आकाश वाहून नेते तोच जानेवारीत उंबऱ्याशी थांबतो. हवा बिघडली की हंगामी कारणे शोधायची आणि पाऊस आला की विषय मिटवायचा, ही सवय म्हणूनच घातक आहे. धुरांडी बारा महिने चालतात.

त्यात वाऱ्याची दिशा. हिवाळ्यात या मैदानावर वारा प्रामुख्याने उत्तर-ईशान्येकडून येतो. सिलतरा शहराच्या उत्तरेला. म्हणजे ज्या महिन्यांत धूर जमिनीलगत दबलेला असतो नेमक्या त्याच महिन्यांत वारा तो शहराकडे ढकलतो, आणि वाटेत पहिली मोठी वस्ती भनपुरीची. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, म्हणून तोच धूर उलट्या बाजूच्या खेड्यांकडे जातो. वसाहतीची जागा निवडताना जमीन, रेल्वे आणि महामार्ग पाहिले गेले. वाऱ्याचा नकाशा पाहिला गेला असता तर भनपुरीच्या वाट्याला निराळा हिवाळा आला असता. हिवाळी वाऱ्याबरोबर गंगेच्या खोऱ्यातला धूरही मध्य भारतात उतरतो, आणि त्यावर रायपूरचे काहीच नियंत्रण नाही.

पावसाळ्याच्या शुद्धतेविषयीही थोडे सांगायला हवे. पडता थेंब मोठे कण सहज वेचतो. अतिसूक्ष्म कण स्वतःच्या इतस्ततः हालचालीमुळे थेंबाला येऊन धडकतात. मात्र ०.१ ते १ मायक्रॉन दरम्यानचे कण थेंबाभोवतीच्या हवेबरोबर वळसा घालून निसटतात. त्यांची विल्हेवाट मुख्यत्वे ढगातच लागते, तेही जलबिंदूचे केंद्रक झाले तर. धुवून निघालेली दिसणारी हवा म्हणूनच पूर्ण धुतलेली नसते. एप्रिल-मेची गोष्ट निराळी. तेव्हा कोरडी माती, रस्त्याकडेला टाकलेली राख आणि डोलोचार, म्हणजे भट्टीतून उरलेला काळा चुरा, ट्रकच्या चाकांनी पुन्हापुन्हा उडतो. पीएम १० वाढते, सूक्ष्म कणांचा वाटा त्या मानाने कमी असतो. आकाश मळकट दिसते ते उन्हाळ्यात, फुप्फुसाच्या खोल भागात जाणारी धूळ जास्त ती हिवाळ्यात. डोळ्यांचा अंदाज या बाबतीत फसवतो.

शेतीचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. पण त्यालाही इतिहास आहे, आणि तो ‘शेतकरी जाळतात’ या दोन शब्दांत मावत नाही. छत्तीसगढच्या भारी जमिनीत उतेरा नावाची जुनी पद्धत आहे: भात कापणीला यायच्या दोन-तीन आठवडे आधी, खाचरात ओल असतानाच, उभ्या पिकात लाखडी, जवस किंवा हरभरा फेकून पेरायचा. भात कापेपर्यंत खाली दुसरे पीक उगवलेले असते. गोंदिया-भंडाऱ्याकडे लाखोळी अशीच पेरतात. ज्या शेतात कोवळे पीक उभे आहे तिथे आग लावण्याचा विचारही कोणी करणार नाही. शिवाय विळ्याने भात बुडापासून कापला जाई, आणि पैरा, म्हणजे भाताचा पेंढा, गुरांसाठी जपून ठेवला जाई. कापणीयंत्र आले, पुष्कळदा थेट पंजाबातून हंगामापुरते. ते कणीस घेते आणि गुडघाभर खुंट मागे ठेवते. चाकांखाली उतेऱ्याचे कोंब टिकत नाहीत, बैलांची संख्या घटली म्हणून पैऱ्याची गरजही घटली. मजुरीच्या आणि वेळेच्या हिशेबात आगकाडी सर्वांत स्वस्त ठरते. २०२० नंतर राज्यात ‘पैरादान’ मोहीम चालली, शेतकऱ्यांनी पेंढा गावाच्या गोठाणांना द्यावा म्हणून. कल्पना चांगली होती, पण पेंढा उचलून नेण्याचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न तिने पुरता सोडवला नाही.

देब यांच्याच गटाने रायपूरच्या आग्नेयेला, राजिम या ग्रामीण भागात कापणीच्या काळातील धूळ तपासली. लाकूड आणि पेंढ्यातील सेल्युलोज जळताना लेव्होग्लुकोसान नावाची शर्करा तयार होते. दगडी कोळशाच्या धुरात ती नगण्य असते. तिच्यासोबत पोटॅशियम वाढलेले असेल तर वनस्पतिजन्य धुराची साक्ष पक्की होते. म्हणजे शेतकरी दोषी की कारखाना, हा प्रश्न घोषणांनी सोडवण्याचा राहिलेला नाही. गाळणकागद त्याचे उत्तर देऊ शकतो, आणि ते उत्तर ठिकाणागणिक व आठवड्यागणिक बदलते. घराघरांतील चुली आणि थंडीत रात्रभर धुमसणाऱ्या गोरशी, म्हणजे मातीच्या शेगड्या, त्यातही शेणी, त्याच यादीत येतात.

आणखी एक हंगामी उद्योग नेहमी नजरेआड राहतो: भातगिरण्या. सरकारी धानखरेदी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत चालते, आणि त्यामागोमाग गिरण्यांची धामधूम. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग तूस असतो. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करणाऱ्या गिरण्या ते तूस बाष्पित्रात जाळतात. तुसाच्या सुमारे पाचवा भाग राख उरते आणि तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. हलकी, करकरीत, वाऱ्याने सहज उडणारी. शेताने नोव्हेंबरात दिलेले पीक अशा रीतीने धूर होऊन भनपुरीसारख्या वस्त्यांवर परत येते, तेही वर्षातल्या सर्वांत स्थिर हवेत.

जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. मानके न पाळणाऱ्या शहरांत छत्तीसगढची तीन नावे आली: रायपूर, भिलाई आणि कोरबा. २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत धूळ २० ते ३० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य होते. पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के करण्यात आले. देशभर या कार्यक्रमाचा भर पीएम १० वर, आणि खर्चाचा मोठा भाग रस्त्यांची धूळ आवरण्यावर राहिला. झाडलोटीची यंत्रे आणि पाण्याचे फवारे डोळ्यांना दिसतात. त्यांनी मोठे कण कमी होतात, पीएम १० चा आकडा खाली येतो. भट्टीतून किंवा बाष्पित्रातून निघालेला सूक्ष्म कण झाडूच्या कक्षेत येत नाही. शहराची सीमा हाही या आखणीतला कच्चा दुवा आहे. निधी महापालिकेला मिळतो आणि धुराचा मोठा स्रोत तिच्या हद्दीबाहेर असतो.

धुरांड्यांवरची नजर मात्र पूर्वीपेक्षा तीक्ष्ण झाली आहे. २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने अतिप्रदूषक सतरा उद्योगवर्गांना अखंड नोंद करणारी यंत्रे धुरांड्यांत बसवून त्यांचे आकडे थेट मंडळाला पाठवण्यास सांगितले. यंत्राचे अंशांकन कोण आणि किती वेळा तपासतो, यावर त्या आकड्यांची किंमत अवलंबून राहते. रात्रीच्या काळ्या धुराची जुनी तक्रार खरी की खोटी, हे या नोंदींतून आज मिनिटागणिक दाखवता येऊ शकते.

सभोवतालच्या हवेसाठी रायपुरात आता चार अखंड मापन केंद्रे आहेत: भाटागावचे नवे बसस्थानक, एम्स, कृषक नगर आणि सिलतरा फेज-दोन. या चार नावांत भनपुरी नाही. ती सिलतरा आणि शहरातील केंद्रे यांच्या मधल्या पट्ट्यात राहते. मात्र चारही केंद्रांचे आकडे केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर खुले आहेत, त्यांत अनेकदा वाऱ्याची दिशा आणि वेगही असतो. उत्तरेकडून वारा असताना आणि नसताना शहरातील पीएम २.५ किती, दुपारी किती आणि पहाटे चारला किती, डिसेंबरात गिरण्या चालू असताना किती आणि मार्चमध्ये किती, अशी मांडणी करायला एक संगणक आणि दोन-तीन रविवार पुरतात. सिलतऱ्याचा आकडा वाढल्यानंतर किती तासांनी एम्सचा वाढतो हे काढले, तर त्या मधल्या पट्ट्याच्या हवेचा पहिला अंदाज हाती येईल.